लहान लेकराला जात कशी समजावायची?

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पण शिक्षणाच्या बाबतीत त्याचा पसारा तालुक्यापुरता कधीच राहिला नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी वैनगंगेपलीकडची मुले अलीकडे शिकायला येतच राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे ३९ टक्के आणि चंद्रपुरात सुमारे १८ टक्के आहे. या दोन जिल्ह्यांत गोंड, माडिया, परधान, हलबा, माना, ढिवर, कुणबी, तेली, बौद्ध, मुसलमान अशी कितीतरी माणसे शेजारी शेजारी राहतात. चामोर्शी-मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे आहेत, सिरोंच्याकडे घराघरांत तेलुगू आहे, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते आणि ब्रह्मपुरीच्या आसपास झाडीबोली. एवढी माणसे आणि एवढ्या भाषा महाराष्ट्रातल्या फार थोड्या भागांच्या वाट्याला आल्या असतील. तरीही या फरकांविषयी आणि त्यांना चिकटलेल्या उच्चनीचतेविषयी लहान मुलांशी बोलायची वेळ आली, की घरात आणि शाळेत एकच उत्तर मिळते: लेकरं लहान आहेत, त्यांना त्यातलं काही कळत नाही, उगाच कशाला डोक्यात भरवायचं? हे उत्तर चांगल्या हेतूने दिले जाते. पण मुलांच्या वाढीबद्दल आज जे माहीत आहे ते पाहता ते टिकत नाही.

मूल फरक फार लवकर टिपते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात नवजात बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले, तेव्हा त्यांचा कल कोणत्याच बाजूला दिसला नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र आपल्याच वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या एका अभ्यासाने याला महत्त्वाची जोड दिली. इथिओपियाहून आलेल्या ज्या कुटुंबांतल्या बाळांच्या नजरेस काळे आणि गोरे असे दोन्ही चेहरे रोज पडत होते, त्यांच्यात असा कल आढळला नाही. म्हणजे ही आवड जन्माने येत नाही, रोज जे दिसते त्यातून घडते. मात्र नुसता फरक दिसणे आणि त्या फरकाला भाव चिकटणे यांत अंतर आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर एकसारख्या, फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. ‘चांगली’ बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी उचलली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा या संशोधनाचाही आधार घेतला गेला. त्या मुलांना कोणी वर्गात बसवून ‘तुम्ही कमी आहात’ असा धडा दिला नव्हता. भोवतालच्या जगाकडे पाहून त्यांनी तो हिशेब स्वतः केला होता.

आपल्याकडे हा हिशेब करायला मुलांना साहित्य कमी पडत नाही. रंगपेटीतल्या फिकट गुलाबी खडूला ‘अंगाचा रंग’ म्हणतात, पण वर्गातल्या बहुतेकांचे अंग तसे नसते. बारशाला आलेली बाई बाळाचा रंग पाहून आईचे सांत्वन करते. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशीचा कप वेगळा ठेवलेला असतो आणि तो का वेगळा, हे कोणी सांगत नाही. एखाद्या लेकराच्या तोंडून ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आले की वर्ग हसतो, आणि कधी कधी बाईही हसतात. गोंडी बोलणाऱ्या आजोबांची नक्कल करून पाहुणे करमणूक करतात. या प्रत्येक ठिकाणी मोठी माणसे गप्प असतात. पण मुलाला कारण हवेच असते, आणि ते मिळाले नाही की ते स्वतः तयार करते. त्याच्या वयाला सुचणारे सर्वांत सोपे कारण म्हणजे ती माणसेच तशी असतील. उत्तराखंडातल्या सुखीढांग येथील शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये काही विद्यार्थ्यांनी दलित भोजनमातेच्या, म्हणजे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या, हातचे जेवण नाकारले. त्यानंतर दलित विद्यार्थ्यांनीही सवर्ण भोजनमातेच्या हातचे जेवण नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने तर २००४ मध्येच सांगितले होते, की शाळेच्या स्वयंपाकासाठी माणसे नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यावे. एकाच पंगतीत एकाच हातची खिचडी खाऊन मुलांच्या मनातली विटाळाची कल्पना गळून पडावी, हा त्यामागचा एक विचार होता. पण घरून आलेल्या कल्पनेला उत्तर देणारे शब्द शाळेकडे नसतील, तर एकट्या पंगतीचे बळ अपुरे पडते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. जातीचे नाव काढले की जात पक्की होते. मुलांना ते शब्दच कळू दिले नाहीत तर पुढची पिढी आपोआप मोकळी होईल, असे अनेक सुशिक्षित पालकांना प्रामाणिकपणे वाटते. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नीट ओळखले पाहिजे. रेबेका बिग्लर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाल आणि निळे सदरे घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी त्या रंगांचा उल्लेखच केला नाही. काही वर्गांत मात्र ‘लाल मुलांनो, रांगेत या’, ‘निळ्यांनो, इकडे बसा’ अशी रोजची कामे रंगावरून चालवली. तीन आठवड्यांत या दुसऱ्या वर्गांतली मुले आपल्या रंगाच्या गटाला जास्त झुकते माप देऊ लागली. सदऱ्याला काहीच अर्थ नव्हता; शिक्षकांनी वर्ग त्यावरून चालवला म्हणून तो आला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे देऊ केले. जातीचा उल्लेख नसताना दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी खालावली. म्हणून वर्गात ‘एससी-एसटीची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत’ असे पुकारणे ही नुसती कारकुनी सोय नसते. बाईंना घाई असते, त्यांच्या मनात काही वाईट नसते. पण तेवढ्या वेळात चाळीस मुलांना कळते, की या खोलीत दोन प्रकारची माणसे बसली आहेत.

मग बोलायचे की नाही? याच पुराव्यातून उत्तर निघते. मुलावर शिक्का मारायचा नाही. अन्यायाला मात्र त्याच्या नावाने ओळखायचे. ‘तू अमक्या जातीचा’ असे सांगून मुलांची वर्गवारी करणे एक, आणि ‘माणसांनी माणसांना असे वागवले, ते चुकीचे होते, अजूनही काही लोक तसे वागतात, आपण वागायचे नाही’ असे सांगणे वेगळे. पहिल्याने जात मुलाच्या अंगाला चिकटते. दुसऱ्यात ती जिथे असते तिथे, म्हणजे वागणुकीत आणि नियमात, दाखवली जाते. आपण बहुधा नेमके उलटे करतो. अर्ज, दाखले, याद्या यांत मुलांवर शिक्के मारतो आणि अन्यायाची गोष्ट निघाली की गप्प बसतो.

समजावताना आधी निसर्गातले फरक आणि माणसाने केलेले फरक वेगळे करावेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला रंगाबद्दल सरळ सांगता येते: आपल्या कातडीत रंग देणारा एक पदार्थ असतो, कोणात तो जास्त, कोणात कमी, आईबाबांकडून तो आपल्याला मिळतो आणि उन्हापासून कातडीला जपतो. एवढ्यात त्याचे समाधान होते. शिवाय त्याने रंगाबद्दल विचारणे म्हणजे गुन्हा नाही, हेही त्याला कळते. भर बाजारात एखाद्या माणसाकडे बोट दाखवून मूल मोठ्याने काही बोलले की आपण त्याचे तोंड दाबतो. त्याऐवजी ‘हो, त्यांचा रंग आपल्यापेक्षा गडद आहे, माणसं खूप रंगांची असतात, पण बोट दाखवू नये, त्यांना वाईट वाटतं’ असे म्हटले तर माहिती आणि रीत दोन्ही पोचतात. जात निसर्गातली नाही. तिच्यासाठी सहा-सात वर्षांचे वय योग्य, कारण तोवर मुलांची न्यायाची जाणीव भलतीच तीक्ष्ण झालेली असते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सहा ते आठ वर्षांच्या मुलांना खोडरबर वाटून द्यायला सांगितले आणि शेवटी एकच उरेल असे केले. सारख्याच कामासाठी एकाला जास्त देण्यापेक्षा उरलेले खोडरबर टाकून देणे बहुतेक मुलांनी पसंत केले. या वयाला न्याय म्हणजे काय ते नव्याने शिकवावे लागत नाही. तो कुठे मोडला जातो, एवढे दाखवावे लागते.

ते दाखवायला गोष्टीइतके चांगले साधन नाही, आणि मराठीत अशा खऱ्या गोष्टींचा तोटा नाही. १९०१ साली दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनावर कोणी न्यायला आले नव्हते. मुलांची जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात, आणि रात्रभराच्या प्रवासात जवळ अन्न असूनही प्यायला पाणी मिळेना. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली ही हकिगत सात वर्षांच्या मुलाला पूर्ण कळते, कारण तहान त्याला माहीत असते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही दुसरी गोष्ट. कोल्हापुरात पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळ्यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, ही तिसरी. त्याच महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. या गोष्टींमध्ये एक धागा आहे: नियम माणसांनी केला होता आणि माणसांनीच मोडला. लहान मुलाला जातीचे समाजशास्त्र नको असते, ते त्याला पेलणारही नाही. हा धागा मात्र ते पकडते.

दुसरा आक्षेप मुलांच्या मनाच्या काळजीचा आहे. सवर्ण घरातले मूल अपराधी वाटून घेईल, दलित-आदिवासी मूल स्वतःला कमी समजू लागेल किंवा त्याच्या मनात राग भरेल, ही ती काळजी. बिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हेच तपासले. प्राथमिक शाळेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या काही गटांना थोर कृष्णवर्णीयांची चरित्रे सांगताना त्यांनी सोसलेल्या भेदभावाची माहितीही दिली, तर काहींना तो भाग वगळून सांगितली. भेदभावाबद्दल ऐकलेल्या गोऱ्या मुलांचे कृष्णवर्णीयांबद्दलचे मत अधिक चांगले झाले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या मनात गोऱ्यांविषयी कटुता वाढली नाही. मात्र गोष्ट अर्धीच सांगितली, तर भीती खरी ठरू शकते. फक्त सोसणे सांगितले तर ऐकणाऱ्या मुलाच्या वाट्याला दया किंवा लाज येते. म्हणून सोसण्याबरोबर लढणे, घडवणे, राज्य करणे हेही सांगायला हवे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी हे साहित्य दूरवरून आणायची गरज नाही. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली गेली. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दुसरा दीक्षा समारंभ घेतला. ज्या मुलाने आदिवासी म्हणजे स्नेहसंमेलनातली पिसे लावलेली नाचणारी मंडळी एवढेच पाहिले, त्याला या परकोटाचे बांधणारे कोण हे कळले तर शेजारी बसलेल्या गोंड मित्राकडे पाहण्याची त्याची नजर बदलेल. त्या मित्राची स्वतःकडे पाहण्याची नजरही बदलेल, आणि ते जास्त महत्त्वाचे आहे.

भाषेचेही असेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, कारण पहिल्या दिवसापासून परकी भाषा ऐकणारे मूल शाळेत मुके होते. प्रत्येक गावात अशी शाळा निघणे सोपे नाही. पण वर्गात गोंडी, बंगाली किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ‘हे तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारून तो शब्द फळ्यावर लिहायला काही खर्च येत नाही. प्रमाण मराठी सगळ्यांनी शिकावी. त्यासाठी घरची बोली चुकीची ठरवण्याची मात्र गरज नाही.

तिसरा प्रश्न मुलेच विचारतात, आणि तो सर्वांत अवघड आहे: त्याला शिष्यवृत्ती मिळते, मला का नाही? इथे मोठ्यांच्या तोंडून घाईघाईत निघालेले वाक्य वर्षानुवर्षे मुलाच्या मनात राहते. ‘ते सरकारचे जावई’ असे म्हणणारा बाप आणि ‘तुला नाही कळणार’ म्हणणारी बाई, दोघेही मुलाला त्याच कोपऱ्यात ढकलतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगता येते: कितीतरी वर्षे काही घरांतल्या लोकांना शाळेत येऊच दिले नाही, जमिनी घेऊ दिल्या नाहीत, विहिरीवर येऊ दिले नाही, त्यामुळे त्या घरांत पुस्तके, पैसे आणि मदत करणारी माणसे कमी साठली, ती तूट भरून निघावी म्हणून सगळ्यांनी मिळून हा नियम केला. मुलाने पुढे विचारले, की माझे घर गरीब आहे तर मला काय, तर तोही प्रश्न रास्त आहे. गरिबीसाठी वेगळ्या योजना असतात, हे त्याला सांगावे. गरिबी आणि विटाळ ही दोन वेगळी दुःखे आहेत: पैसा आला की पहिले संपते, दुसरे पैसा येऊनही पाठ सोडत नाही. मुलाला हे एका बैठकीत पटेलच असे नाही. पण त्याला कारण मिळते, आणि कारण मिळालेले मूल मित्राचा हेवा करण्याऐवजी वाद घालते. वाद चांगला.

शेवटचा आक्षेप गावाभिमानाचा: आमच्याकडे सगळी मुले एकत्र खेळतात, वेगळे समजावायची गरज काय? एकत्र असणे हा खरोखरच मोठा उपाय आहे. दिल्लीतल्या खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवाव्या लागल्या, त्याचा परिणाम अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी मोजला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, सेवेच्या कामात जास्त उतरली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी वेळा टाळू लागली. त्यांच्या हिंदी-गणिताच्या गुणांवर परिणाम झाला नाही. इंग्रजीत किंचित घट आणि वर्गातल्या दंग्यात थोडी वाढ झाली. सौदा वाईट नाही. पण ‘आमच्याकडे सगळे एकत्र’ हे विधान आज किती खरे आहे, ते तपासून पाहावे. ज्याला परवडते त्याचे मूल कॉन्व्हेंटात, बाकीचे जिल्हा परिषदेत आणि आदिवासी मूल बहुधा आश्रमशाळेत. आश्रमशाळांनी हजारो मुलांना शिक्षण दिले, हे नाकारता येत नाही. पण त्यामुळे गावातल्या मुलांना आदिवासी सवंगडी मिळण्याची वाटही अरुंद झाली. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा ही त्यावरची एक तोड आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खाजगी शाळांना त्यातून सूट देणारी दुरुस्ती केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द केली. त्यावेळच्या चर्चेत भर प्रवेश आणि पैशांवर होता. या जागांमुळे बाकीच्या ७५ टक्के मुलांना काय मिळते, याविषयी फारसे कोणी बोलले नाही.

हे सगळे शाळेवर टाकून पालकांना मोकळे होता येणार नाही, आणि शिक्षकांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांवर मुलांची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, काही न पाहता लिहिली होती. ‘खालच्या’ मानलेल्या जातीची नोंद असलेल्या पेपरला किंचित कमी गुण पडले. त्या शिक्षकांना आपण भेदभाव करतो असे वाटत नसणार, आणि मुद्दा तोच आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलणे हे सरकारचे काम झाले. त्या वस्तीत आपले मूल मित्राच्या घरी जेवायला जाते का, आणि तो मित्र आपल्या स्वयंपाकघरात येतो का, हे ठरवणे आपल्या हातात असते. मुलाशी न्यायाबद्दल बोलायला अनेकजण कचरतात, त्याचे खरे कारण मुलाचे लहान वय नाही. एकदा बोललो की ते आपल्यालाच विचारणार, मावशीचा कप वेगळा का. आणि त्याला पटेल असे उत्तर आपल्याकडे नसते. तेव्हा मुलाला समजावायच्या आधी करायचे काम सोपे आहे. तो कप बाकीच्या कपांत मिसळून टाकावा, आणि आजवर तो वेगळा का होता, ते मुलाने विचारले तर खरे सांगावे.